परदेशातल्या नोकरीसाठी रेझ्युमे : ठाणे-नवी मुंबईतून अर्ज करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा रेझ्युमे इथे चालतो, मुलाखतीही येतात. मग बाहेरून उत्तर का येत नाही?

इथला एचआर तुमच्या रेझ्युमेतल्या मोकळ्या जागा स्वतःच भरून घेतो. रबाळे किंवा वागळे इस्टेट वाचलं की कारखाना केवढा असेल याचा त्याला अंदाज येतो. ‘फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन’ म्हणजे काय, ‘जीईटी’ (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) म्हणजे काय, डायरेक्ट सेकंड इयर म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागत नाही. टोरांटो किंवा म्युनिकमध्ये तोच कागद वाचणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं आणि विचारून घ्यायला तो थांबत नाही. पुढचा अर्ज उघडतो.

म्हणून तीन कामं करायची. त्याला माहीत नसलेलं थोडक्यात सांगायचं. त्याला नको असलेलं काढायचं. आणि जे उरेल ते तुमच्या कागदपत्रांशी तारखेसकट जुळवायचं. लोक पहिल्या दोन गोष्टींवर महिना घालवतात. नोकरी हातातून जाते ती बहुतेक वेळा तिसरीमुळे.

प्रत्येक देशासाठी वेगळा रेझ्युमे करायचा का?

हो, पण दर वेळी शून्यापासून नाही. आधी एक मूळ प्रत तयार करा. चार-पाच पानं झाली तरी हरकत नाही, ती कुणाला पाठवायची नसते. प्रत्येक नोकरीची रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, पदनाम, साहेबाचं पद, यंत्रं, सॉफ्टवेअर, आकडे, सर्टिफिकेटचे नंबर आणि त्यांची मुदत, सगळं तिच्यात भरा. हे करताना अनुभवपत्रं, पगाराच्या स्लिपा आणि ईपीएफओच्या (भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी समोर ठेवा. आठवणीतून लिहिलेल्या तारखा हमखास चुकतात. मग जाहिरात वाचून या प्रतीतून लागेल तेवढंच उचला.

फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, लग्न झालंय की नाही... काय ठेवायचं?

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसाठी यातलं काहीही नको. धर्म आणि जात तर कुठेच नको. अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६७ चा वयाधारित भेदभावविरोधी कायदा, ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा यांमुळे कंपन्यांना ही माहिती हातात नको असते. उद्या नकार दिला तर तो वयामुळे किंवा धर्मामुळे दिला असा आरोप होऊ शकतो, म्हणून फोटो लावलेला अर्ज त्यांना अडचणीचाच वाटतो.

जर्मनीत फोटो लावण्याची जुनी पद्धत आहे. २००६ च्या समान वागणूक कायद्यानंतर कंपनी तो मागू शकत नाही, तरी अनेक अर्जदार अजून लावतात. लावलाच तर स्टुडिओतला नीट काढलेला लावा, लग्नाच्या अल्बममधून कापलेला नको. जपानच्या ‘रिरेकिशो’ या ठरीव अर्जात मात्र फोटोसाठी ३ × ४ सेंटिमीटरची चौकटच असते. आखाती देशांचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईल.

आधार, पॅन आणि पासपोर्टचा नंबर कुठल्याही देशाच्या रेझ्युमेत लिहू नका. पासपोर्ट आहे आणि तो कधीपर्यंत वैध आहे, एवढं पुरतं. शेवटचं ‘आय हिअरबाय डिक्लेअर’ आणि त्याखालची सहीही काढून टाका. ती पद्धत आपल्याकडची आहे, तिकडे ती कुणी मागत नाही.

किती पानं असावीत?

अमेरिकेत दहा वर्षांपेक्षा कमी अनुभव असेल तर एक पान, जास्त असेल तर दोन. ब्रिटन आणि जर्मनीत दोन. ऑस्ट्रेलियात दोन ते चार पानं सहज चालतात. कागदाचा आकारही बघा. अमेरिका-कॅनडात ‘लेटर’ आकार चालतो, ८.५ × ११ इंच. बाकी बहुतेक जगात ए-४, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. लेटर कागद ए-४ पेक्षा १८ मिलिमीटरने आखूड असतो, त्यामुळे ए-४ वर काठोकाठ बसवलेलं पान तिकडे छापताना शेवटच्या दोन-तीन ओळी दुसऱ्या पानावर ढकलतं. वर्डमध्ये आधी पानाचा आकार बदला, मजकूर मग बसवा.

नाव कसं लिहायचं? गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे आणि पासपोर्टवर शेवटी.

पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्या तीन पदरी नावात हा घोळ नेहमीचा आहे: गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, ऑफिसात नुसती आद्याक्षरं. तिकडच्या संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. रेझ्युमेवर वडिलांचं नाव गाळून फक्त नाव आणि आडनाव लिहिलं तर चालतं, पण ऑफर लेटर आणि व्हिसाच्या अर्जात पासपोर्टवरचं पूर्ण नावच पाहिजे.

लग्नानंतर ज्यांचं आडनाव बदललं, आणि काही घरांत पहिलं नावही, त्यांनी रेझ्युमेवर पासपोर्टचंच नाव ठेवावं. डिग्री जुन्या नावावर असेल तर लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं महाराष्ट्र शासन राजपत्र स्कॅन करून तयार ठेवा. रेझ्युमेत त्याचा खुलासा नको. पडताळणीच्या वेळी मात्र तो कागद त्याच दिवशी पाठवता आला पाहिजे.

पत्ता पूर्ण लिहायचा का?

नाही. ‘ठाणे, महाराष्ट्र, इंडिया’ किंवा ‘नवी मुंबई, इंडिया’ एवढंच. सोसायटी, विंग, सेक्टर, अमुक शाळेच्या मागे, यातलं काही नको. फोन +९१ ने सुरू करा आणि पुढे शून्य लावू नका. ईमेल नावाचाच असू द्या, कॉलेजात गमतीने काढलेला नको.

टक्के, सीजीपीआय, दहावी-बारावी यांचं काय करायचं?

यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

टक्के स्वतःच्या हिशोबाने अमेरिकी ‘जीपीए’त बदलू नका. दहापैकी ८.२ असेल तर ‘८.२/१०’ असंच लिहा. मुंबई विद्यापीठाचे ६२ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, पण तिकडच्या वाचणाऱ्याला ६२ म्हणजे जेमतेम पास वाटेल. म्हणून आकडा गाळून ‘फर्स्ट क्लास’ लिहा, किंवा दोन्ही एकत्र लिहा. ‘एसएससी’ आणि ‘एचएससी’ ही नावं तिकडे कुणाला कळत नाहीत. अनुभव असेल तर दोन्ही काढा. नवखे असाल तर ‘ग्रेड १२’ म्हणून एक ओळ पुरते.

डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेलेल्यांनी डिप्लोमा कधीही गाळू नये. बारावी करून इंजिनिअर झालेल्याची १२ अधिक ४ अशी १६ वर्षं होतात. तुमचीही १० अधिक ३ अधिक ३ मिळून १६ च होतात. पण डिप्लोमा काढला तर कागदावर डिग्री तीनच वर्षांची दिसते आणि वाचणारा ती अपुरी समजतो. एमएसबीटीईचा (राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा) तीन वर्षांचा डिप्लोमा आणि पुढे ‘दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश’, हे एका ओळीत स्पष्ट लिहा.

बी.कॉम. किंवा तीन वर्षांची बी.एस्सी. असलेल्यांना अमेरिकेत चार वर्षांच्या डिग्रीशी तुलना सोसावी लागते. एच-१बी या तिथल्या नोकरीच्या व्हिसासाठी शिक्षणातलं एक वर्ष कमी पडलं तर त्या विषयातला तीन वर्षांचा अनुभव त्याऐवजी धरला जाऊ शकतो, पण तो अनुभव पत्रांनी सिद्ध व्हावा लागतो. म्हणून अशांच्या रेझ्युमेत कामाचं वर्णन डिग्रीच्या विषयाशी जोडलेलं दिसलं पाहिजे.

जर्मनीसाठी ‘अनाबिन’ या सरकारी यादीत आपलं विद्यापीठ आणि आपली डिग्री शोधा. विद्यापीठापुढे ‘एच+’ असेल आणि डिग्री समकक्ष दाखवली असेल तर रेझ्युमेत तसा उल्लेख करा, भरती करणाऱ्याचं निम्मं काम वाचतं. कॅनडासाठी डब्ल्यूईएस (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) सारख्या संस्थेकडून डिग्रीचं मूल्यांकन झालं असेल तर तेही एका ओळीत लिहा. स्थायी वास्तव्याच्या एक्स्प्रेस एन्ट्री अर्जात ते पाच वर्षं धरलं जातं.

मी मोठ्या कंपनीत काम केलं, पण पेरोल कंत्राटदाराचा होता. कोणतं नाव लिहू?

दोन्ही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोज्यात हजारो लोक असेच काम करतात, यात कमीपणा काही नाही. आधी कंत्राटदाराचं नाव, मग ‘अमुक कंपनीच्या प्लांटवर नेमणूक’ असं लिहा. फक्त मोठ्या कंपनीचं नाव टाकलं तर पडताळणी करणारी संस्था त्या कंपनीच्या एचआरला विचारते, तिथून ‘या नावाचा माणूस आमच्याकडे नव्हता’ असं उत्तर येतं आणि मिळालेली ऑफर रद्द होते. पीएफ कंत्राटदाराच्या नावावर, स्लिपही त्याच्याच नावावर, मग रेझ्युमे वेगळं बोलून कसं चालेल? काम तुम्ही खरंच केलंय. ते नीट लिहिलं तर खरं ठरतं, नाव बदललं तर तेच खोटं ठरतं.

कंपनी लहान असेल तर नावाखाली तिची ओळख द्या: ‘औषधांसाठीचा कच्चा माल बनवणारा कारखाना, १२० कामगार, निर्यात युरोपात’. वाचणाऱ्याला एवढ्याने तुमच्या कामाचं मोजमाप मिळतं.

पदनाम बदलून लिहू का?

अनुभवपत्रावरचं पदनामच लिहा, पण त्याचा अर्थ शेजारी उलगडा. आपल्याकडे ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणजे कनिष्ठ कर्मचारी, अमेरिकेत तोच शब्द वरिष्ठ व्यवस्थापनासाठी वापरतात. दोन वर्षांच्या अनुभवावर ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ वाचून वाचणाऱ्याला फसवणुकीचा संशय येतो. ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह, अकाउंट्स पेएबल (अकाउंटंटच्या जबाबदाऱ्या)’ असं लिहिलं की शंका राहत नाही. ‘जीईटी’चं पूर्ण रूप लिहा. ‘फ्रेशर’, ‘पास्ड आउट इन २०२१’, ‘प्रीपोन’ हे शब्द काढा. ‘पास्ड आउट’ म्हणजे तिकडे बेशुद्ध पडणं.

कामाचं वर्णन करताना नेमकं काय चुकतं?

‘रिस्पॉन्सिबल फॉर मेंटेनन्स ऑफ पंप्स’. अशा ओळीतून जबाबदारी कोणती होती एवढंच कळतं, तुम्ही काय केलंत ते कळत नाही. ती क्रियापदाने सुरू करा आणि तिच्यात चार गोष्टी बसवा: काय केलं, किती केलं, कशाने केलं, आणि त्यातून काय बदललं. उदाहरणार्थ: ‘४२ सेंट्रिफ्यूगल पंपांची देखभाल केली, कंपनाच्या मोजणीवरून बेअरिंग वेळेआधी बदलली, अचानक बंद पडण्याचं प्रमाण महिन्याला ६ वरून २ वर आणलं.’ मुलाखतीत त्यातल्या प्रत्येक आकड्यावर विचारलं जाईल, म्हणून तुमचे आकडे लॉगबुकात सापडतील असेच लिहा. आकडा आठवत नसेल तर व्याप्ती द्या: किती शिफ्ट, किती माणसं हाताखाली, किती टनांचा प्लांट.

सध्याच्या नोकरीला सहा ओळी द्या, त्याआधीच्या नोकरीला चार, दहा वर्षांपूर्वीच्या नोकरीला एक. सगळ्या नोकऱ्यांना सारखी जागा दिली की खरा माणूस दिसत नाही.

‘लाख’ आणि ‘कोटी’ बाहेर कळत नाहीत. ४ कोटी रुपये म्हणजे ४० मिलियन रुपये. स्वल्पविरामही तीन-तीन अंकांवर द्या. तारखेत महिना अक्षरांत लिहा, कारण ०५/०६/२०२१ आपल्याकडे ५ जून आणि अमेरिकेत ६ मे.

एटीएस म्हणजे काय? कॅनव्हावर केलेला छान रेझ्युमे का अडकतो?

मोठ्या कंपन्यांत आलेला अर्ज आधी एटीएस (अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम) हे सॉफ्टवेअर वाचतं आणि त्यातलं नाव, पद, तारखा, कौशल्यं वेगळ्या रकान्यांत भरतं. दोन स्तंभांची मांडणी, टेबल, टेक्स्ट बॉक्स आणि चिन्हं यांत ते गोंधळतं. डाव्या स्तंभातली ओळ उजव्या स्तंभात मिसळून जाते. पानाच्या हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर काही सॉफ्टवेअर वाचतच नाहीत. ‘एक्सेल ८० टक्के’ दाखवणाऱ्या पट्ट्यांना तर यंत्र वाचो की माणूस, काहीच अर्थ नसतो.

घरीच तपासा. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळी वरून खाली सलग वाचता आल्या तर ठीक. मजकूर निवडताच येत नसेल तर तुमची पीडीएफ हे फक्त चित्र आहे. वर्डचं प्रिंटआउट झेरॉक्सवाल्याकडे स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफचं हेच होतं. वर्डमधूनच ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ करा.

जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे वापरा, पण ते काम केलेलं असेल तरच. पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याची युक्ती नोटपॅडमध्ये तुम्हालाच दिसेल, तशी ती समोरच्यालाही दिसते.

दुबई, दोहा, रियाधसाठी काय बदलतं?

तिथे राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, फोटो, सध्याचा व्हिसा आणि नोटिस पीरियड विचारला जातो, म्हणून हे सगळं आधीच पहिल्या पानावर द्या. आखाती देशाचं ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर ठळक लिहा. डिग्रीचं अटेस्टेशन (सरकारी साक्षांकन) झालं असेल तर तेही. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत हे अपोस्टिल (एकाच शिक्क्याने कागदपत्र परदेशात मान्य करण्याच्या) करारात नाहीत, म्हणून तिथे परराष्ट्र मंत्रालयानंतर वकिलातीचा शिक्का लागतो. सौदीत डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल चालतं.

दहावी पास असाल आणि तरीही पासपोर्टवर ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असेल तर तो आधी बदलून घ्या. तो शिक्का असताना आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जायला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची परवानगी लागते.

वेल्डर, एनडीटी (वस्तू न तोडता केलेली तपासणी), सेफ्टी, इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी वेगळं काय लिहायचं?

पहिल्या अर्ध्या पानात सर्टिफिकेटं: नाव, नंबर, देणारी संस्था, मुदत. वेल्डरने पद्धत, पोझिशन, धातू, पाइपचा व्यास आणि जाडी, कोड, हे सगळं एका ओळीत द्यावं. ‘६जी वेल्डर’ एवढं अपुरं आहे. एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या कोडमधल्या सेक्शन नऊप्रमाणे एखादी पद्धत सहा महिने वापरली नाही तर पात्रता संपते, म्हणून शेवटचं काम कधी केलं तेही लिहा.

एनडीटीत एक गैरसमज फार महागात पडतो. एएसएनटी या एनडीटीच्या अमेरिकी संस्थेच्या एसएनटी-टीसी-१ए या मार्गदर्शिकेप्रमाणे मिळालेलं लेव्हल टू हे तुमच्या कंपनीने दिलेलं असतं, आणि कंपनी सोडली की ते संपतं. त्यापुढे नुसतं ‘एएसएनटी’ लिहून पाठवलं की तिकडचा तपासणारा लगेच ओळखतो. कोणत्या कंपनीने, कोणत्या वर्षी दिलं ते लिहा.

जहाजावरच्या नोकरीसाठी हाच रेझ्युमे चालेल का?

नाही. बेलापूर-नेरूळमधून जाणाऱ्यांना हे माहीत असतं, नवख्यांसाठी सांगतो. तिथे लागतो तो सी-सर्व्हिसचा तक्ता: जहाजाचं नाव, प्रकार, ग्रॉस टनेज, इंजिनाची बनावट आणि किलोवॉट, तुमचा रँक, साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या तारखा. शिवाय इंडोस नंबर (खलाशाचा नोंदणी क्रमांक), सीडीसी (जहाजसेवेची नोंदवही), सीओसी (पात्रतेचं सर्टिफिकेट) आणि एसटीसीडब्ल्यू (खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) कोर्सच्या मुदती. तारखा सीडीसीवरच्या शिक्क्यांशी दिवसासकट जुळल्या पाहिजेत. २००६ च्या एमएलसी (सागरी कामगार) कराराप्रमाणे नोकरी लावण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. कंपनीचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा परवाना) नंबर नौवहन महासंचालनालयाच्या यादीत तपासा.

मधे दीड वर्ष घरी होतो / होते. ते लपवावं का?

लपवू नका, मोठंही करू नका. ‘जाने. २०२२ – जून २०२३ : कौटुंबिक जबाबदारी’ एवढी एक ओळ. त्या काळात कोर्स केला असेल तर त्याचं नाव. तारखा ताणून शेजारच्या नोकऱ्यांत भरल्या की ईपीएफओची नोंद वेगळं सांगते. मग दीड वर्षाच्या गॅपपेक्षा तो खोटेपणाच मोठा ठरतो.

भाषा कशा लिहायच्या?

युरोपसाठी ए१ ते सी२ या पट्टीवर. मराठी मातृभाषा, इंग्रजी सी१, जर्मन बी१ अशी. जर्मनचं सर्टिफिकेट असेल तरच पातळी लिहा, कारण मुलाखतीचं पहिलं वाक्य त्याच भाषेत येतं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षंच धरले जातात, म्हणून परीक्षेची तारीखही द्या.

व्हिसा लागेल हे लिहायचं की गप्प बसायचं?

अर्जात विचारलं तर खरं उत्तर द्या. ‘स्पॉन्सरशिप लागेल का’ याला ‘नाही’ म्हटलं तर पुढे वेळ दोघांचाही जातो आणि नाव त्या कंपनीच्या नोंदीत अडकतं. ब्रिटनसाठी अर्ज करताना सरकारने प्रसिद्ध केलेली परवानाधारक स्पॉन्सरांची यादी आधी बघा. यादीत नसलेल्या कंपनीला पाठवलेला रेझ्युमे कितीही चांगला असला तरी ती तुम्हाला नेऊ शकत नाही.

रेफरन्स द्यायचे का?

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला दोन द्या, पदनाम आणि ईमेलसकट, आणि त्यांना आधी विचारून. अमेरिकेला मागितल्यावरच.

एजंट म्हणतो, रेझ्युमे तो बनवेल आणि दीड लाख घेईल. द्यावेत का?

नाही. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालच्या नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. त्याचा परवाना नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. एजंटाने बनवलेला रेझ्युमे पाठवण्याआधी एकदा स्वतः वाचा. दोन वर्षांचा अनुभव पाच करून टाकलेला असतो, आणि वकिलातीत उत्तर द्यायला तो येत नाही, तुम्ही उभे असता.

फाइलचं नाव काय ठेवू?

नाव-आडनाव-पद. ‘रेझ्युमे फायनल नवीन ३’ नको. आणि पाठवण्याआधी ती फाइल एकदा मोबाइलवर उघडून बघा, कारण समोरचाही पुष्कळदा तिथेच उघडतो.